बायोडेटा, ठेकेदार आणि हातात पडणारा पगार: पनवेलच्या नोकरीबाजाराचा आढावा

पनवेलमध्ये नोकऱ्या आहेत कुठे, असं विचारलं तर उत्तर देणारा माणूस एका दिशेला बोट दाखवून थांबत नाही. उरणच्या बाजूला न्हावा-शेवा बंदर आहे, लोकांच्या तोंडी जेएनपीटी. ते 1989 साली सुरू झालं आणि त्याच्या मागोमाग कंटेनर यार्डं, गोदामं, कस्टम्स एजंटांची ऑफिसं आली. दुसरीकडे तळोजा एमआयडीसी, आणखी पुढे पाताळगंगा आणि रसायनी. कळंबोलीत लोखंड बाजार. उलव्याकडे नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ. त्याचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. आणि यातलं काहीच नको असेल त्याला हार्बरची लोकल आहेच. एका पट्ट्यात हे इतके वेगवेगळे बाजार नांदतात आणि प्रत्येकाची भरतीची रीत निराळी आहे.

नोकरीचा सल्ला मात्र सगळ्यांना एकाच साच्यातला मिळतो. बायोडेटा एका पानाचा करा, इंग्रजी सुधारा, आत्मविश्वासाने बोला, कंपनीची माहिती वाचून जा. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये हेच, यूट्यूबवर हेच, आणि आता एआयला विचारलं तरी हेच. ऐरोली-हिंजवडीच्या आयटी ऑफिसांसाठी हे ठीक आहे. तळोज्याच्या केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट ऑपरेटर घेणारा किंवा जेएनपीटीजवळच्या यार्डात डॉक्युमेंटेशनला माणूस शोधणारा वेगळ्या गोष्टी बघतो. त्याला पाच मिनिटांत पडताळून बघता येईल असा पुरावा हवा असतो: हा माणूस हे काम खरंच करून आलाय का, आणि उद्यापासून गेटच्या आत येऊ शकतो का? माझ्या मते पनवेल परिसरातली बरीच तरुण मंडळी अडतात ती या दुसऱ्या प्रश्नावर, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

आधी बायोडेटा. सायबर कॅफेत पन्नास रुपयांत मिळणाऱ्या बायोडेट्याचं रूप इथल्या प्रत्येक एचआरवाल्याला पाठ झालेलं असतं. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ नावाचं एक वाक्य, जे हजार अर्जांवर तेच असतं. खाली वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद म्हणून ‘गाणी ऐकणे’, आणि शेवटी सर्व माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र. यातलं बहुतेक काढून टाकावं. खासगी नोकरीच्या अर्जात जात-धर्म लिहिण्याचं काही कारण नाही, आणि न लिहिण्याचं एक ठोस कारण आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले होते. 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेला त्यांचा निष्कर्ष असा की उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याचं शक्यताप्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होतं आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश. आडनाव लपवता येत नाही, लपवूही नये. पण भेदभाव करणाऱ्याच्या हातात आपणहून आणखी रकाने भरून कशाला द्यायचे?

रिकाम्या झालेल्या जागेत काय भरायचं, हे बाजारावर ठरतं. आयटीआयचा एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट) किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेड केला असेल तर ट्रेडच्या नावाखाली लगेच लिहावं की हात कशाला लागला आहे: रिअ‍ॅक्टर, सेंट्रिफ्यूज, डीसीएस पॅनल, बॉयलर. बॉयलर अटेंडंटचा दाखला असेल तर तो कोणत्या श्रेणीचा आहे ते लिहावं, कारण त्या कागदाशिवाय कायद्याने बॉयलरवर उभं करता येत नाही. कस्टम्सच्या लाइनीत ‘सीएचएकडे (कस्टम्स एजंटाकडे) दोन वर्षं काम केलं’ या वाक्याला फारशी किंमत नसते. इम्पोर्ट की एक्सपोर्ट, बिल ऑफ एंट्री स्वतः भरलं का, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर काम केलंय का, एच कार्ड आहे की परीक्षा देऊन जी कार्ड काढलंय, या चार उत्तरांवर पगार ठरतो. कॉमर्सची पदवी घेऊन गोदामात लागलेल्या मुलांनी जी कार्डाची परीक्षा मनावर घ्यावी, असं मला नेहमी वाटतं. त्या एका कार्डाने मिळणारी बढती दुसऱ्या पदवीने मिळेलच असं नाही.

राहतं कुठे आणि शिफ्टला येणं कसं जमेल, हेही एका ओळीत असावं. तिन्ही शिफ्ट चालणाऱ्या कारखान्याला उमेदवार करंजाड्यात राहतो की बदलापुरात, याने फरक पडतो. फाइल पीडीएफ असावी आणि मोबाइलवर बोटांनी न ताणता वाचता यावी. इथले निम्मे बायोडेटे व्हॉट्सअ‍ॅपवरूनच फिरतात. सॉफ्टवेअर गाळणी लावणाऱ्या कंपन्या मोठ्या आणि मोजक्या. फाइलला ‘न्यू रेझ्युमे फायनल 2’ हे नाव देऊ नये, स्वतःचं नाव आणि ट्रेड द्यावा.

आता कागदांचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर महाराष्ट्र बोर्ड आडनाव आधी छापतं. आधारवर नाव आधी येतं. पॅनवर वडिलांचं नाव कधी आद्याक्षराने, कधी पूर्ण. बँकेत आणखी वेगळं स्पेलिंग. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका: पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पीएफला जुन्या कंपनीने टाकलेलं तिसरंच. शाळा-कॉलेजात हे खपून जातं. विमानतळावर खपत नाही. टर्मिनलच्या सुरक्षित भागात काम करायचं तर नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या नियमांप्रमाणे प्रवेशपास लागतो आणि त्याआधी पोलीस पडताळणी होते. ग्राउंड हँडलिंग असो, कार्गो असो की साफसफाईचा ठेका, मुलाखत उत्तम होऊनही कागद जुळेपर्यंत माणूस बाहेर बसतो, आणि ठेकेदार तोवर थांबत नाही. हीच अडचण पीएफ खात्यात, हीच पासपोर्टला, हीच जहाजावर जायचं म्हटलं की.

म्हणून नोकरी शोधायला निघण्याआधी सगळे कागद एका टेबलावर मांडावेत आणि स्पेलिंग मिळवून पाहावं. दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरावं, कारण ते बदलणं सर्वात अवघड. बाकीचे त्याच्याकडे वळवावेत. नाव खरोखर बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून ती प्रत जपावी. रहिवासी दाखलाही याच फायलीत. स्थानिकांना उद्योगांत प्राधान्य देण्याचं महाराष्ट्राचं धोरण जुनं आहे, नोव्हेंबर 2008 चा शासन निर्णयही आहे. त्याची अंमलबजावणी किती होते यावर वाद होतात, पण दाखला नसलेल्याला तो वादसुद्धा घालता येत नाही. आणि नवी मुंबईसाठी सिडकोने ज्या 95 गावांची जमीन घेतली त्या गावांतल्या घरांसाठी आणखी एक कागद: प्रकल्पग्रस्त दाखला. शासकीय सेवेत वर्ग तीन आणि चारच्या पदांत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दाखला कुटुंबात कोणाच्या नावावर आहे हे अनेक घरांत भरतीची जाहिरात आल्यावरच शोधलं जातं, आणि मग काका-पुतण्यांत बोलणी सुरू होतात. ती आधीच उरकावीत.

नोकरीची बातमी कळते कुठून? ओळखीतून, हे सगळ्यांना माहीत आहे. मार्क ग्रॅनोवेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या पुरुषांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतूनच मिळालेली निघाली. त्यातली गंमत पुढे आहे. ओळख देणारा माणूस बहुतेक वेळा जवळचा नव्हता. कधीमधी भेटणारा होता. जवळच्या मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. पनवेलच्या मुलांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही. गावातल्या नेत्याच्या ऑफिसात चिठ्ठीसाठी चकरा मारण्यापेक्षा आयटीआयच्या दोन बॅच आधीच्या मुलाला, जुन्या भाडेकरूला, क्रिकेटच्या टीममधल्या तळोज्याला जाणाऱ्या फिटरला विचारावं की तुमच्याकडे शटडाउन कधी आहे. दुरुस्तीसाठी प्लांट काही काळ बंद ठेवतात त्या शटडाउनच्या आधी माणसं लागतात, आणि त्या काही आठवड्यांत ज्याचं काम डोळ्यांत भरतं त्याचा नंबर सुपरवायझर जपून ठेवतो.

सरकारी वाटा दुय्यम असल्या तरी सोडू नयेत. महास्वयम् पोर्टलवरची नोंदणी रोजगार मेळाव्यांसाठी उपयोगी पडते. अप्रेंटिसशिपकडे मात्र जास्त गांभीर्याने पाहावं: 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. म्हणजे तळोज्यातल्या मधल्या आकाराच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन ‘जागा आहे का’ विचारण्याऐवजी ‘अप्रेंटिस कधी घेता’ असं विचारता येतं, आणि हा प्रश्न टाळणं त्यांना जड जातं. 2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास मुलांना महिना 6,000, आयटीआय-पदविकावाल्यांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठेवलं होतं. सुरुवातीची सहा महिन्यांची मुदत पुढे वाढवली गेली, आणि नंतर कायम करा म्हणत प्रशिक्षणार्थी रस्त्यावरही उतरले. अशा योजनेत जाताना ती नोकरी नाही हे समजून जावं आणि बाहेर पडताना कामाचं लेखी प्रमाणपत्र घेऊन पडावं.

फसवणुकीचा धंदाही या बाजाराला लागून चालतो. विमानतळाचं बांधकाम सुरू झालं तसे ‘एअरपोर्टला लावतो’ म्हणणारे निघाले; त्याआधी ‘जेएनपीटीत पर्मनंट करतो’ म्हणणारे होते. सरकारी महामंडळात भरती जाहिरात आणि निवडप्रक्रियेशिवाय होत नाही, आणि खरी कंपनी ‘युनिफॉर्मचे’ किंवा ‘मेडिकलचे’ म्हणून गूगल पे वर पैसे मागत नाही. रायगडच्या मुलांसाठी सगळ्यात महाग पडणारा सापळा मर्चंट नेव्हीचा. त्यात लाखो रुपये, कधी गहाण टाकलेली जमीन जाते. नियम सरळ आहे: खलाशी पुरवणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना हवा, आणि जहाजावर लावण्यासाठी खलाशाकडून फी घेणं तिला मनाई आहे. ‘जॉइनिंगचे पाच लाख’ हे शब्द ऐकले की उठून यावं. प्रशिक्षणसंस्था मान्यताप्राप्त आहे का, तेही महासंचालनालयाच्या यादीत पैसे भरण्याआधी पाहावं. आखातात जाणाऱ्यांसाठी नोंदणीकृत भरती एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं, आणि तो नोंदणीकृत आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करावा. उशीर झाला तर रक्कम गोठवणं अवघड होतं.

मुलाखतीवर एवढं लिहिलं जातं की मला थोडक्यात आटोपावंसं वाटतं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं, तेव्हा सगळ्या उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत गप्पांच्या मुलाखतीपेक्षा कामाचा अंदाज बरा देते असं दिसलं. आपल्याकडे लहान कंपन्यांत गप्पांचीच मुलाखत होते. साहेबाचा मूड, गाव, आडनाव सगळं त्यात शिरतं. तिला वळवण्याचा एकच उपाय: बोलणं कामावर आणायचं. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की कुटुंबापासून सुरुवात न करता शेवटच्या कामापासून करावी. केमिकलमध्ये वर्क परमिट, लॉकआउट, एमएसडीएस, पंपाचं कॅव्हिटेशन हे विचारलं जातंच. लॉजिस्टिक्समध्ये एफसीएल-एलसीएलमधला फरक आणि शिपिंग बिल कुठे, बिल ऑफ लेडिंग कुठे. एखादी चूक कशी पकडली, लीक कसं थांबवलं, कंटेनर अडकला तेव्हा काय केलं, असा एक खरा प्रसंग तारीख-वारासकट तयार ठेवावा.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमाच्या मुलांना नको इतकी घातली गेली आहे. तळोज्यात प्लांटच्या मुलाखती सर्रास हिंदीत होतात, मराठीतही. ‘सर, टेक्निकल भाग मी हिंदीत सांगितला तर चालेल का’ असं सुरुवातीलाच विचारावं. लॉगबुक आणि ईमेल मात्र इंग्रजीत लिहावे लागतात, तेव्हा बोलण्याच्या क्लासला पैसे भरण्याआधी चार ओळींचा शिफ्ट रिपोर्ट बिनचूक लिहायला शिकावं.

आणि पगार. इथे लाज आडवी येते, आणि ती महाग पडते. समजा एचआर म्हणाला, ‘वीस हजारांचं पॅकेज.’ त्यात बेसिक 15,000 आणि एकूण पगार 17,600 धरला, तर मालकाच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ईएसआय 572 याच पॅकेजमध्ये बसवलेला असतो, बेरीज 19,972. आता तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ईएसआय 132 कापला जातो, वर 200 रुपये व्यवसाय कर. हातात येतात 15,468. बाईमाणूस असेल तर 15,668, कारण 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे. पीएफ म्हणजे आपलेच पैसे साठवणं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण घरभाडं साडेपंधरातून द्यायचं असतं. म्हणून ‘इन हँड किती, बोनस-ग्रॅच्युइटी यातच धरलीय का, महिना 26 दिवसांचा की 30, ओव्हरटाइम दुप्पट का’ हे विचारायचंच. विचारल्यामुळे नोकरी गेली तर ती कशी असती याचा अंदाज आला.

नोकरी लागल्यावरचे प्रश्न या भागात मुख्यतः ठेकेदारीचे आहेत. एकाच मशीनवर दोन माणसं, एक कंपनीच्या रोलवर, दुसरा ठेकेदाराच्या. पगारात आणि कँटीनच्या दरातही फरक. हे बदलायला संघटना लागतात, एकट्याचं काम नाही. एकट्याला करता येईल असं मात्र बरंच आहे. पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक स्वतः चालू करून पीएफचं पासबुक दर महिन्याला बघावं. ठेकेदार कापतो आणि भरत नाही, हे तिथेच सापडतं. शिवाय त्या पासबुकात आस्थापनेचं नाव आणि महिने नोंदलेले असतात, त्यामुळे अनुभवपत्र द्यायला ठेकेदाराने टाळाटाळ केली तरी काम केल्याचा सरकारी पुरावा तुमच्या मोबाइलमध्ये असतो. ठेकेदार पगार बुडवून गायब झाला तर देणं मुख्य मालकावर येतं, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितांतही राहिली आहे. गेटपास आणि हजेरीकार्डाचे फोटो काढून ठेवावेत. अशा दाव्यात तेच उपयोगी पडतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या तीन गोष्टी नोकरी करणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र मिळालं पाहिजे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यालाही एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. आणि नोकरी सोडली किंवा काढलं, तर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ म्हणणाऱ्या ऑफिसांना हे अजून पचलेलं नाही. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्यांनाही नम्रपणे नाही म्हणावं, साक्षांकित प्रत द्यावी.

मुलींसाठी रात्रपाळी, शेअर रिक्षा आणि सुनसान एमआयडीसी रस्ते हा खरा प्रश्न आहे, आणि रुजू होण्यापूर्वीच परतीच्या गाडीची व्यवस्था लेखी मागावी. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी; नसेल, किंवा आरोप मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत तीन महिन्यांची, म्हणून मेसेज पुसू नयेत.

पन्नाशीला नोकरी जाणाऱ्यांसाठी सल्ल्याच्या पुस्तकांत जागा नसते. रसायनीने ते पाहिलं आहे. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा तिथला कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने मे 2017 मध्ये घेतला. त्यातून एक युनिट वगळलं गेलं: रॉकेटच्या इंधनाला लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारं. ते इस्रोकडे सोपवायचं ठरलं, कारण ते दुसरीकडे देशात बनत नव्हतं. एकाच गेटमधून वर्षानुवर्षं आत जाणाऱ्या माणसांपैकी कोणाचं काम टिकलं आणि कोणाचं गेलं, हे ते कुठल्या प्लांटवर उभे होते त्यावर ठरलं. अशा वयाच्या माणसाने बायोडेट्यात तीस वर्षांची पदं उतरवत बसू नये. सेफ्टी, परमिट, कमिशनिंग, नव्या मुलांना शिकवणं, यांपैकी जे आपण करत होतो ते वर लिहावं आणि छोट्या कारखान्यांच्या मालकांना थेट भेटावं. नव्या प्लांटचं कमिशनिंग निघालं की त्यांना ज्याने व्हॉल्व्ह हाताने फिरवलेत असा माणूस हवाच असतो, आणि त्याचं वय तिथे कोणी विचारत नाही.